सुतक घराचं, खुर्ची सगळ्यांची

आमच्या भागात पोटनिवडणूक म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतं ते मयत. क्वचित कुणी राजीनामा देतो, कुणाची आमदारकी कोर्टात जाते; पण खेड्यातल्या माणसाच्या हिशेबात रिकामी खुर्ची म्हणजे गेलेला माणूस. त्यामुळं या निवडणुकीला गुलालाच्या आधी दुखवट्याचा वास असतो. पोस्टरवर उमेदवाराचा फोटो लहान आणि गेलेल्याचा मोठा. भाषण करणारा सुरुवातीलाच गळा भरून घेतो. आणि पारावर बसलेली आमच्यासारखी माणसं एका अवघड प्रश्नापाशी येऊन थांबतात: गेलेल्या माणसाच्या घरासमोर आडवं जावं का?

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याकडचं. एक बहीण तासगावच्या बाजूला दिलेली, मामाचं गाव कडेगाव तालुक्यात. त्यामुळं तीन-सव्वातीन वर्षांच्या अंतरानं सांगली जिल्ह्यानं पाहिलेल्या दोन्ही मोठ्या पोटनिवडणुका मला पाव्हण्या-रावळ्यांच्या घरातून, जेवणाच्या ताटावरून ऐकायला मिळाल्या.

पहिली तासगाव-कवठेमहांकाळची. १६ फेब्रुवारी २०१५ ला आर. आर. आबा गेले. अंजनीसारख्या लहान गावातला पोरगा जिल्हा परिषदेपासून सुरुवात करतो, १९९० पासून लागोपाठ सहा वेळा आमदार होतो, ग्रामविकास आणि गृहखातं सांभाळतो. गावोगाव ग्रामस्वच्छता आणि तंटामुक्ती हे शब्द म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या तोंडी बसतात ते त्यांच्यामुळं. ते गेले तेव्हा बहिणीच्या गावात कितीतरी घरांनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. पोटनिवडणूक लागली तेव्हा त्यांच्या पत्नी सुमनताई उभ्या राहिल्या. भाजप, शिवसेना, काँग्रेस, कुणीच अधिकृत उमेदवार दिला नाही. काही अपक्ष रिंगणात राहिले म्हणून ११ एप्रिलला मतदान झालं, आणि सुमनताई लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या.

दुसरी पलूस-कडेगावची. ९ मार्च २०१८ ला पतंगराव कदम गेले. त्यांचे चिरंजीव विश्वजीत कदम काँग्रेसकडून उभे राहिले. भाजपच्या उमेदवाराचा अर्ज होता, पण माघारीच्या मुदतीत तो मागं घेतला गेला. २८ मेला मतदान व्हायचं होतं ते झालंच नाही. निवड बिनविरोध जाहीर झाली.

त्या दिवसांत आमच्या पारावर जो तो छाती फुगवून सांगायचा, "ही आपल्या जिल्ह्याची संस्कृती. माणूस गेला की वैर संपलं." मलाही ते ऐकताना बरं वाटायचं, कारण ही गोष्ट खोटी नाही. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात. बांधावरनं ज्यांचं कोर्टात चालू आहे तेसुद्धा खांदा द्यायला येतात. बाप गेलेल्या घरात, वर्षानुवर्षं न बोलणारा चुलता न बोलावता येऊन ओट्यावर बसलेला मी पाहिला आहे. कुणी कुणाला काही बोललं नाही. नुसतं बसणं पुरे झालं. दहाव्यानंतर दावा पुन्हा सुरू झाला ही गोष्ट वेगळी, पण तेवढे दहा दिवस माणसानं माणसाला दिले. गावाकडं जगायला जी काही ताकद लागते तिच्यातला मोठा वाटा या दहा दिवसांचा असतो.

म्हणून पुढारी जेव्हा म्हणतात, "दुखवट्यात आम्ही उमेदवार देणार नाही," तेव्हा ते आमच्याच भाषेत बोलतात आणि आम्हाला ते लगेच पटतं. मनात शंका आली तरी ती बोलून दाखवायची लाज वाटते.

माझ्या मामीला मात्र लाज वाटली नाही. ऐंशीच्या घरातली बाई. पतंगरावांच्या बातमीनं डोळ्याला पदर लावून बसलेली मी पाहिली होती. मे महिन्यात मी मामाच्या गावी गेलो तेव्हा तिनं विचारलं, "यंदा मत न्हाई व्हय रं? बोटाला शाई न्हाई?" मी सांगितलं, बिनविरोध झालं, आता जायची गरज नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी त्यास्नीच दिलं असतं की. पर दिलं असतं." तक्रार नव्हती ती. पण त्या 'पर'वर मी पुष्कळ दिवस अडकून राहिलो. मत ज्याला जायचं त्यालाच जाणार होतं. फक्त देणारीचा हात मधून गेला होता. देणं आणि गृहीत धरलं जाणं यांत फरक आहे एवढंच ती म्हणत होती.

आता ही संस्कृती खरंच संस्कृती आहे का, हेही जरा उलटून पाहावं. तासगावात मतदान झालं त्याच दिवशी मुंबईत वांद्रे पूर्वची पोटनिवडणूक होती. तिथंही आमदार वारले होते, तिथंही पत्नी, तृप्ती सावंत, उभ्या होत्या. तासगावात उमेदवार न देणाऱ्या काँग्रेसनं वांद्र्यात नारायण राणे यांच्यासारखा मोठा नेता उतरवला. राणे हरले, तृप्तीताई जिंकल्या. पलूस-कडेगावचं मतदान ज्या २८ मे २०१८ ला व्हायचं होतं त्याच दिवशी पालघरच्या लोकसभेचं मतदान झालं. तिथं भाजपचे खासदार चिंतामण वनगा वारले होते. त्यांचा मुलगा शिवसेनेकडून उभा राहिला आणि भाजपनं त्याच्याविरुद्ध राजेंद्र गावित यांना उभं करून ती जागा जिंकली. म्हणजे एकाच तारखेला एका मतदारसंघात माघार आणि दुसऱ्यात लढत. सुतक दोन्हीकडं होतं. फरक होता तो हिशेबाचा. यात मी कुणा एका पक्षाला नावं ठेवत नाही. सगळ्यांचीच ही रीत आहे. जिथं जिंकायची आशा असते तिथं दुखवटा आठवत नाही, आणि जिथं नसते तिथं तो मोठ्या आवाजात पाळला जातो.

पण पुढाऱ्यांचा हेतू लबाड ठरला म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही. समजा एखाद्यानं अगदी मनापासून माघार घेतली. मग ती चांगली गोष्ट झाली का?

याचं उत्तर मला विधानसभेच्या नव्हे, आमच्याच ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीत मिळालं. गोष्ट लहान आहे, पण विधानसभेत जे लांबून दिसतं ते इथं हाताच्या अंतरावर होतं.

आमच्या एका वॉर्डात अर्धं गाव आणि ओढ्यापलीकडची वाडी येते. त्या वॉर्डातला सदस्य, गावात सगळे त्याला अण्णा म्हणायचे, अचानक हार्ट अटॅकनं गेला. भला माणूस. जागा खुली होती. तेराव्याला आलेली माणसं उठायच्या आधीच ठरून गेलं की थोरल्या पोराला बिनविरोध करायचं. पोरगा सरळ होता, कुणाची ना नव्हती. अर्ज भरायचा दिवस आला आणि कळलं की वाडीवरच्या आक्कानं अर्ज भरलाय. आक्का म्हणजे विधवा बाई, दोन एकर रान, दोन म्हशी, वाडीवरचा बचत गट चालवणारी. वाडीचं दुखणं एकच. परतीचा पाऊस लागला की ओढा चढतो, दोन-दोन दिवस उतार मिळत नाही. पोरांची शाळा बुडते, डेअरीला दूध जात नाही. ओढ्यावर साकव पाहिजे हे वाडी पंधरा वर्षं सांगत होती आणि गाव पंधरा वर्षं मान हलवत होतं.

मारुतीच्या देवळात बैठक बसली. आक्काला बोलावून घेतलं. मी पायरीवर बसलो होतो. मोठी माणसं समजुतीनंच बोलली. "आक्का, पोराचं कुंकू-शेंदूर अजून वाळलं न्हाई, सुतक फिटून महिना न्हाई. अशात आडवं जाऊ नये. पुढच्या टायमाला तुला बघू." आक्का खाली बघून ऐकत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अण्णाच्या मयताला पहिली भाकरी कुणाची आली व्हती? माजी. चार दिस दोन्ही येळची आली. ती माज्या घरची व्हती, म्या दिली. मत वाडीचं हाय. ते म्या कुणाला इचारून दिऊ?"

देवळात कुणी बोललं नाही. वाद सुचला नाही म्हणून नव्हे. तिनं जो फरक केला तो त्या जागी बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळणारा होता. स्वतःच्या कणगीतलं कुणी कितीही द्यावं, त्याला उदारपणा म्हणतात. दुसऱ्याच्या कणगीतलं देऊन आपण उदार झालो असं कुणाला म्हणता येत नाही. उमेदवारानं माघार घेतली तर त्याच्या घरचं काय जातं? अनामत वाचते, खर्च वाचतो, वर शाबासकी मिळते. जातं ते मतदाराचं.

आक्का उभी राहिली आणि एकोणीस मतांनी पडली. पुढं सगळं गोड झालं असं सांगायची सोय नाही. अण्णाच्या घरातल्या बायका गिरणीवर तिच्याशी बोलत नव्हत्या. डेअरीवर टोमणे झाले. पण निवडणूक लागल्यामुळं अण्णाच्या पोराला मतं मागायला ओढा ओलांडून वाडीवर जावं लागलं होतं, तेही ऐन पावसात, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. प्रत्येक उंबऱ्यावर त्यानं साकवाचं ऐकून घेतलं आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्याला शब्द द्यावा लागला. निवडून आल्यावर दोन वर्षं त्यानं त्या कामाचा पिच्छा पुरवला तेव्हा साकव झाला. बिनविरोध झाला असता तरी तो चांगलाच पोरगा राहिला असता. फक्त वाडीवर जायची त्याला गरज पडली नसती. अण्णाच्या वर्षश्राद्धाला आक्का गेली. तिला पाट मांडला गेला.

तेव्हापासून मला वाटतं की आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. सुतक घराला असतं. खुर्चीला सुतक नसतं, कारण खुर्ची त्या घराची नसते. गेलेला माणूस तिच्यावर बसला होता तो आपल्या सगळ्यांच्या वतीनं. तो गेल्यावर त्याचं रान, त्याचं घर, त्याचं कर्जसुद्धा वारसांकडं जातं. ही जागा मात्र ज्यांची होती त्यांच्याकडं परत येते. कायद्यानंही हेच धरलं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १५१-अ कलमानुसार रिकामी झालेली जागा सहा महिन्यांच्या आत भरायची असते; मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल किंवा निवडणूक घेणं खरोखरच अवघड असेल तर गोष्ट वेगळी. इतकी घाई कशाला? तर मतदारसंघ मुका राहू नये म्हणून. मार्च २०२३ मध्ये खासदार गिरीश बापट वारले, वर्षाहून जास्त मुदत शिल्लक होती, तरी पुण्याची पोटनिवडणूक झाली नाही. उच्च न्यायालयानं ती घ्यायला सांगितली, सर्वोच्च न्यायालयात त्या आदेशाला स्थगिती मिळाली, आणि २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुण्याला लोकसभेत खासदार नव्हता. पुण्यासारख्या शहराचं हे, तर आडरानातल्या तालुक्याचा आवाज बंद झालेला कुणाला कळणार?

बिनविरोधाची आणखी एक गंमत आहे. उमेदवार एकच उरला की मतदान होत नाही, त्यामुळं 'नोटा'चं बटणही हाताशी येत नाही. म्हणजे 'हो' म्हणायची संधी जाते तशी 'नाही' म्हणायचीही जाते. २०२२ साली अंधेरी पूर्वला ऋतुजा लटके यांच्यासमोरून भाजपनं माघार घेतली, पण काही इतर उमेदवार राहिल्यानं मतदान झालं. लटके मोठ्या मतांनी आल्या, आणि दुसऱ्या नंबरावर होता 'नोटा', १२,८०६ मतांचा. पलूस-कडेगावात २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत विश्वजीत कदम दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले; तिथंही दुसरा नंबर 'नोटा'चा, वीस हजारांहून जास्त मतं. यामागं कुणाची काय कारणं होती याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. मला त्यात एवढं दिसतं की बटण समोर आलं की माणसं काहीतरी सांगतात. जिंकणाऱ्याला एवढी मतं पडतात आणि तरी हजारो माणसं उन्हातान्हात रांगेत उभं राहून 'यातलं कुणीच नको' असं सांगून घरी जातात. त्यांचं ऐकलं जायला पाहिजे.

गावाकडं यावर एक उत्तर तयार असतं. निवडणूक नको, निवडणुकीनं गाव फुटतं, भाऊ भावाच्या दारात जात नाही. हे खरं आहे. मी स्वतः अशी घरं पाहिली आहेत. तंटामुक्तीच्या काळात बिनविरोध ग्रामपंचायत हा गावाला मान वाटायचा तो त्यामुळंच. पण तंटा मिटवणं वेगळं आणि तंटा होईल म्हणून एकाचं तोंड दाबणं वेगळं. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे इथं सरपंचपदाची बोली लागल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं ती निवडणूक रद्द केली. पैसे देवळासाठी होते म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला तेही गाव एकोप्याचंच दिसलं असतं. म्हणून नुसतं 'बिनविरोध' ऐकून मी आता खूश होत नाही. विरोध मिटला की विरोध करणारा बसवला, हे आधी विचारतो.

याचा अर्थ सहानुभूतीचं मत वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. शहरातली शिकलेली माणसं ते नाक मुरडून बोलतात. ज्यानं पंचवीस वर्षं आपलं ऐकलं त्याच्या घराला एक मत उपकाराचं म्हणून द्यावं असं बाईमाणसाला, म्हाताऱ्याला वाटलं तर त्यात हलकं काय आहे? मत त्याचं आहे. ते रागानं द्यावं, आशेनं द्यावं, रडून द्यावं. तासगावच्या लाखभर माणसांनी ते रडून दिलं असेल, पण दिलं. जाऊन, रांगेत उभं राहून दिलं. सुमनताईंना २०१९ मध्ये पुन्हा लढत द्यावी लागली आणि त्या पुन्हा निवडून आल्या. तेव्हा ती जागा दुखवट्याची राहिली नव्हती. उलट पंढरपूर-मंगळवेढ्यात भारत भालके वारल्यावर २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा उभा राहिला, चुरशीची लढत झाली आणि भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनी आले. त्याच वर्षी देगलूरला रावसाहेब अंतापूरकरांचा मुलगा लढून निवडून आला. एका ठिकाणी लोकांनी वारसाला घेतलं, दुसऱ्या ठिकाणी नाही घेतलं. दोन्ही ठिकाणी गेलेल्या माणसाचा मान कमी झाला असं कुणाला वाटलं नाही. कारण त्यांना कुणी विचारलं होतं.

खरं तर लढत देण्यात गेलेल्या माणसाचाही मान आहे. आर. आर. आबांना सहापैकी एकही निवडणूक कुणी फुकट दिली नव्हती. पतंगरावांनी हारही पाहिली होती आणि जीतही. ज्यांनी आयुष्यभर दारोदार जाऊन मतं मागितली त्यांच्या आठवणीसाठी दारोदार जाणंच बंद करायचं, हे त्यांना तरी रुचलं असतं का? आणि वारसाच्या बाजूनं बघितलं तर फुकट मिळालेली जागा त्याच्याही पायात बेडीच असते. मतं मागून आलेला माणूस मतदारांचा देणेकरी होतो. इतरांनी बसून दिल्यामुळं आलेला माणूस त्या बसलेल्यांचा देणेकरी होतो, आणि ते देणं कधी, कुठल्या कामात, कसं मागतील हे मतदाराला कळतसुद्धा नाही.

म्हणून पक्षांना, पुढाऱ्यांना दुखवटा पाळायचा असेल तर पाळायच्या पुष्कळ रीती आहेत. तेरावा होईपर्यंत उमेदवारीचं नाव काढू नये. प्रचारात गेलेल्यावर चिखल उडवू नये. त्याच्या बायकोला, पोराला व्यासपीठावरून हिणवू नये. भोंगा त्या घराच्या वाटेवर बंद करावा. त्या घरी जाऊन बसावं, आपल्या घरची भाकरी न्यावी. एवढं करून मग अर्ज भरावा आणि लोकांना विचारावं. हे दोन्ही एका माणसाला जमत नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला सांगतो, आमच्या वाडीवरच्या एका बाईला जमलं. तिला ना पक्ष होता ना गाडी.

मामी आता नाही. तिच्या भागात पुढं निवडणुका झाल्या, तिनं त्या केल्या, बोट पुढं करून शाई लावून घेतली. तिनं कुणाला मत दिलं हे मी कधी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. पण मत द्यायला तिला बोलवायचं असतं, प्रत्येक वेळी, कुणीही गेलेलं असो.